सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग बाबांचं बिनसलंय कुठे?

प्रश्न : माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. फोर्टमधल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समधून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आई-बाबा डोंबिवलीत, मी नोकरीसाठी बंगळुरूला. घर स्वतःचं, कर्ज नाही, पैशाची चणचण नाही. पण गेलं वर्षभर बाबा घराबाहेर पडत नाहीत. टीव्हीसमोर बसतात, आईवर खेकसतात, पहाटे चारला उठून हॉलमध्ये अंधारात बसून राहतात. पस्तीस वर्षं रोज ७.४७ ची लोकल पकडली, एकदा कुरकुरले नाहीत. आणि आता कोपऱ्यावरून दूध आणायचं तर कंटाळा येतो म्हणतात. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सगळं करून झालं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना माणसांत मिसळू द्या.’ नातेवाईक म्हणतात, ‘त्यांना कमी काय आहे?’ मी रोज न चुकता फोन करते. मी इथे मजेत आहे. माणसांचा आणि तब्येतीचा खरंच एवढा संबंध असतो, की गोळी सुचली नाही की डॉक्टर असं म्हणतात? आणि इतक्या लांबून मी नेमकं काय करू?

उत्तर : ते ७.४७ च्या लोकलचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही ते बाबांच्या विचित्रपणाचा नमुना म्हणून लिहिलंय. मला मात्र वाटतं, दुखणं नेमकं तिथेच आहे. पण त्यावर जरा वेळाने येते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात मी सव्वीस वर्षं समुपदेशन करते आहे. नुकताच निवृत्त झालेला पुरुष हा माझ्याकडचा ठरलेला पाहुणा, आणि तो स्वतःहून कधीच येत नाही. बायको घेऊन येते, नाहीतर मुलगी. खुर्चीत टेकल्यावर पहिलं वाक्यही ठरलेलं : ‘मला काही झालेलं नाही, हिच्या समाधानासाठी आलोय.’ मी म्हणते, बरं, मग तिच्या समाधानासाठी चहा घ्या.

माणसांकडे वळायच्या आधी शरीराच्या काही गोष्टी बघून घ्या, कारण ‘नॉर्मल’ रिपोर्टांच्या गठ्ठ्यात त्या बहुतेक वेळा नसतातच. सगळ्यांत आधी कान. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. समोर एकच माणूस असेल तर सगळं नीट ऐकू येतं. चारजण एकदम बोलायला लागले की शब्दांचा काला होतो. असा माणूस ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हणत नाही. तो ‘काय ती फालतू बडबड’ म्हणतो आणि लग्नाकार्याला जायचं बंद करतो. टीव्हीचा आवाज हल्ली वाढलाय का, एवढं आईला विचारा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे ज्यांच्यावर काही करता येतं असे १४ धोके सांगितले. त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. माझ्या अनुभवात पहिलं बऱ्याचदा दुसऱ्याला हात धरून घरात आणतं.

मग लघवी. प्रोस्टेट वाढलेला माणूस घराबाहेर पडायच्या आधी मनातल्या मनात वाटेवरच्या मुताऱ्या मोजतो. स्टेशनवर एक, मार्केटमागे एक, पुढे काही नाही, मग कशाला जायचं? हे तो मुलीला जन्मात सांगणार नाही, बायकोलाही ‘कंटाळा आला’ म्हणूनच सांगेल. फॅमिली डॉक्टरांनी त्याला एकट्याला विचारलं तर सांगेल. शिवाय गुडघे, मोतीबिंदू, थायरॉइड, बी-१२. मी समुपदेशक असून या गोष्टी आधी सांगते याचं लोकांना नवल वाटतं. पण सहा महिने ‘मन मोकळं करा’ म्हणत बसायचं आणि शेवटी कानातला मळ निघायचा, असं माझ्या हातून एकदा झालेलं आहे.

पहाटे चारला उठून अंधारात बसणं मी हलक्यात घेणार नाही. झोप लवकर मोडणं, आवडीच्या गोष्टींत रस न राहणं, भूक आणि वजन कमी होणं, ‘मी असून नसून सारखाच’ अशी भाषा, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकून असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, गरज पडली तर औषध घ्यायचं. तिथे मित्र जमवून भागत नाही. मरणाचे विचार बोलून दाखवले तर तर थांबूच नका. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. एकटेपणा आणि नैराश्य एका घरात नांदतात, पण दोघांचं औषध एक नाही.

हे सगळं तपासून झालं असं धरून पुढे लिहिते.

बाबांच्या लोकलचा हिशेब मांडू या. अकाउंट्सचे आहेत, त्यांनाही आवडेल. डोंबिवली ते सीएसएमटी सकाळचा एक तास धरा. वर्षाला अडीचशे दिवस. म्हणजे वर्षाचे अडीचशे तास, पस्तीस वर्षांचे पावणेनऊ हजार. संध्याकाळची गाडी मी धरलेलीच नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती वेळ लागतो याचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. त्यांच्या अंदाजाने ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागतात, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९०, आणि जिवाभावाचा व्हायला २०० च्या वर. त्यातही नुसतं शेजारी बसून काम केलेल्या तासांना फारसं वजन नाही. गप्पा, खाणं, खेळ यांत गेलेले तास मोजायचे. म्हणजे ऑफिसातल्या टेबलापेक्षा ७.४७ चा डबा मैत्रीला जास्त पिकाऊ होता. जागा धरून ठेवणं, मधल्या स्टेशनवर चढणाऱ्याला तिघांच्या बाकावर सरकून चौथी सीट देणं, ब्रीफकेसवर पत्ते, एखाद्याच्या वाढदिवसाला सगळ्या डब्याला वडापाव, दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधून डब्याची पूजा. तुमचे बाबा कुरकुरले कसे नाहीत याचं उत्तर हेच असावं. ते नोकरीला जात होते हे खरं, पण त्याआधी रोज तासभर कट्ट्यावर जात होते.

आणि मग एका महिन्याच्या ३० तारखेला, नारळ-शाल देऊन, ऑफिस आणि कट्टा दोन्ही एकदम बंद.

‘त्यांना कमी काय आहे’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे दिसत नाही. याचं कारण आपण नात्यांकडे नेहमी खोलीने बघतो. बायको आहे, लेक आहे, जीव लावणारी माणसं आहेत, मग झालं. पण नात्यांचे प्रकार किती आहेत हेही शरीराला कळतं. पिट्सबर्गमध्ये शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये एक गमतीदार, म्हणजे आपल्याला गमतीदार, प्रयोग प्रसिद्ध केला. २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले, त्यांना वेगळं ठेवलं, आणि कुणाला सर्दी होते ते पाहिलं. त्याआधी प्रत्येकाची बारा प्रकारच्या नात्यांची यादी करून घेतली होती : जोडीदार, आईवडील, मुलं, शेजारी, सहकारी, मित्र, एखाद्या मंडळाचे सभासद असं. ज्यांच्याकडे एक ते तीनच प्रकारची नाती होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकार असलेल्यांच्या चौपट निघाला. माणसं किती, यापेक्षा माणसांचे प्रकार किती हे महत्त्वाचं ठरलं. बाबांची यादी तुम्हीच करा. तीन वर्षांपूर्वी सहाच्या वर असेल. आज बोटं तीनवर अडतील.

डॉक्टर हात झटकत होते का, या तुमच्या शंकेचंही उत्तर देते. नसावेत. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र केले. तीन लाखांहून अधिक माणसं, सरासरी साडेसात वर्षं पाहिलेली. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. यात एक खोच आहे, ती सांगायला हवी : आजारी माणूस आधी तुटतो आणि मग मरतो, असंही काही प्रमाणात होत असतं. संशोधकांनी लोकांची सुरुवातीची तब्येत हिशेबात धरली तरी संबंध टिकला, म्हणून तो मानायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो असं म्हटलं.

शरीरात होतं काय? व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसेल असं सांगितलं. एकदा हात कुणीच धरला नाही, एकदा अनोळखी माणसाने धरला, एकदा नवऱ्याने. मेंदूतली धोक्याची धावपळ नवऱ्याच्या हाताने सगळ्यांत कमी झाली, आणि ज्यांचा संसार बरा चालला होता त्यांच्यात आणखी कमी. पण अनोळखी हातानेही थोडी कमी झाली. मला त्यातला हा दुसरा भाग जास्त आवडतो. मेंदू सतत पहारा देत असतो, आणि शेजारी दुसरं माणूस असलं की पहारा वाटून घेतला जातो. एकट्या माणसाला पहारा एकट्यानेच द्यावा लागतो. मग झोप तुटक होते, रक्तदाब चढा राहतो, साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो. बाबा आईवर खेकसतात ते मला या पहाऱ्याचं खेकसणं वाटतं.

संशोधन एवढं पुरे. आता एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

तेही डोंबिवलीचे, तेही निवृत्त, मुलीने आणलेले. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसले होते. मी विचारलं, काहीही काम नसताना तुम्ही शेवटचा फोन कुणाला केला होता? त्यांनी मोबाइल काढला, चष्मा वर सारला आणि खरोखर शोधायला लागले. गॅस बुकिंग. बँक. मेडिकलवाला. मुलगी. बायको, ती बाजारातून कोथिंबीर आण म्हणाली होती तेव्हाचा. मग बोट सरकवत सरकवत ते नावांच्या यादीत खाली गेले आणि थांबले. ‘ट्रेन पोहे’. त्याच्या खाली ‘ट्रेन मुलुंड’, ‘ट्रेन पत्ते’, ‘ट्रेन एलआयसी’. अशी अकरा नावं होती.

मी म्हटलं, या ‘ट्रेन पोहे’चं आडनाव काय? आठवेना. बावीस वर्षं एका बाकावर बसलेला माणूस, आडनाव ठाऊक नाही. पण त्याच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले ते ठाऊक, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं ते ठाऊक, बायको पोह्यांत शेंगदाणे का घालत नाही तेही ठाऊक. ‘तुम्ही त्यांना नंतर फोन का नाही केला?’ ते जरा ओशाळून म्हणाले, ‘आम्ही काही मित्र नव्हतो हो. एका डब्यातले होतो.’

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते सवयीने उठले, आंघोळ केली आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. गाडीचा हॉर्न ऐकू आला. ‘माझी खिडकी कुणाला मिळाली असेल, एवढंच डोक्यात आलं,’ ते म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी बाल्कनीत जायचं सोडलं.

मी सुचवलं, सगळ्यांना भेटायला बोलवा. त्यांनी आढेवेढे घेत बोलावलं. स्टेशनजवळच्या हॉटेलात सहाजण जमले. पहिली दहा मिनिटं ठीक गेली, मग प्रत्येकाची शुगर किती ते सांगून झालं, मग शांतता, मग बिल कोण देणार यावर ओढाताण. परत येऊन मला म्हणाले, ‘बघा, काही उरलेलं नाही.’ चूक माझी होती. मी त्यांना एकमेकांसमोर बसवलं होतं. डब्यात ते कधीच ‘बोलायला’ बसले नव्हते. हातात पत्ते असायचे, कुणी पेपर वाचायचा, खिडकीबाहेर ठाण्याची खाडी यायची, आणि बोलणं मधल्या मध्ये, न बघता, तिरकं सरकायचं. ‘आईचा रिपोर्ट आला रे,’ असं पान टाकता टाकता सांगता येतं. हॉटेलात टेबलावर कोपरं टेकून नाही सांगता येत. बायकांना हे समोरासमोर जमतं असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. भाजी निवडताना, पापड लाटताना आपणही तिरकंच बोलत आलोय.

उपाय माझा नव्हे, त्यांच्यातल्याच एकाचा. तो म्हणाला, हॉटेल कशाला, गाडीनेच जाऊ. महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी, गर्दी ओसरल्यावर, अकराच्या आसपासची धिमी लोकल. मुद्दाम धिमी. पत्त्यांचा जोड, डबे, सीएसएमटीला उतरून चहा, फलाटावर जरा पाय मोकळे करायचे आणि उलट गाडीने परत. ‘ट्रेन पोहे’ पोहे आणतो. एका बुधवारी आमचे गृहस्थ तापामुळे गेले नाहीत, सांगायचंही राहून गेलं. साडेअकराच्या आत तीन फोन आले. हे मला सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलला. त्यांनी त्या तिघांना शिव्या घातल्याचं सांगितलं, म्हणजे मला समजलं की काम झालं.

मी नात्यांची परीक्षा करायची झाली तर एवढंच विचारते : तुम्ही ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी नाही गेलात, तर किती जणांच्या लक्षात येईल? बायकोच्या आणि मुलीच्या येईलच. त्यांच्याखेरीज किती? जिवलग असण्याची अट नाही. आडनाव ठाऊक असण्याचीही नाही. आपल्याकडे याची सोय पूर्वी न मागता होत असे. काकड आरती, तालीम, पारावरची बैठक, भजनी मंडळातला टाळकरी. त्यातलं सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही, त्या पारावर कुणाला बसू देत नव्हते हेही मला माहीत आहे. पण टाळकरी आला नाही की चाळीतला पोर त्याच्या घरी धाडला जायचा.

आता तुमच्या फोनकडे येते. रोज करता, मनापासून करता. पण त्यात बोलता काय? माझा अंदाज : ‘जेवलात का? गोळी घेतली का? चालायला गेलात का?’ हे माणसाशी बोलणं झालं नाही, ही हजेरी झाली. त्यांना रोज तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि तिसऱ्यात रोज नापास व्हायचं. मिशिगनमधल्या ४२३ वयस्क जोडप्यांचा पाच वर्षं केलेला एक अभ्यास २००३ मध्ये आला. स्टेफनी ब्राउन यांचा. ज्यांना इतरांकडून आधार मिळत होता ते त्यामुळे जास्त जगले असं दिसलं नाही. जे इतरांना मदत करत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. बाबांच्या भोवती सध्या सगळे द्यायला उभे आहेत. घ्यायला कुणी नाही.

म्हणून त्यांच्याकडे काहीतरी मागा. खरंखुरं मागा. तुमचं प्राप्तिकराचं विवरणपत्र, जुन्या कंपनीतला अडकलेला पीएफ, घरभाड्याच्या करारातली कलमं, घर घ्यायचं की भाड्याने राहायचं याचा आकड्यांत हिशेब. उगाच काढलेलं काम त्यांना देऊ नका, लगेच ओळखतील. पस्तीस वर्षं व्हाउचरं तपासलेला माणूस आहे. आणि त्यांनी सांगितल्यावर ‘अहो बाबा, हे आता ऑनलाइन होतं’ म्हणून कापू नका. आई-बाबांच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांचा बचत गट असेल, जवळच्या वाचनालयाला हिशेब बघणारा हवा असेल, तर आणखी उत्तम. सोसायटीची कमिटी मात्र मी सहसा सुचवत नाही. पार्किंग आणि गळतीच्या भांडणांनी रक्तदाब वाढलेले खजिनदार माझ्याकडे पुष्कळ येऊन गेलेत.

‘पण ते ऐकतच नाहीत, म्हणतात मूड नाही,’ असं तुम्ही म्हणाल. मूड यायची वाट बघायचीच नाही. गोव्यात संगत या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार वापरून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. त्यांचं सूत्र असं की मन बरं होईल मग हालचाल करू, असं न म्हणता आधी छोटी हालचाल ठरवायची, ती करून बघायची, आणि मनात काय फरक पडला ते पुढच्या भेटीत बोलायचं. ४९५ रुग्णांपैकी ज्यांना हे मिळालं त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांची लक्षणं तीन महिन्यांनी जवळपास ओसरली. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्क्यांची. तेव्हा बाबांना ‘माणसांत मिसळा’ असं म्हणू नका. ते वाक्य कुणालाच करता येत नाही. ‘गुरुवारी साडेदहाला ट्रेनमधल्या एकाला फोन करा’ हे करता येतं.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मी चार लिहिते. बहुतेक घरांत नवऱ्याची नाती बायकोच चालवत असते. त्याच्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात आहेर किती करायचा, त्याच्या मावशीला दवाखान्यात बघायला कधी जायचं, दिवाळीला कुणाकडे फराळ पाठवायचा. त्याला वाटतं आपले संबंध चांगले आहेत. ते तिचे असतात. म्हणूनच बायको आधी गेली तर पुरुष जास्त कोसळतात. या वयात ‘यांना माणसांत न्या’ हे कामही आईवरच टाकलं तर ती म्हणेल, ‘मी काय आता यांना मित्र आणून देऊ?’ आणि तिचं बरोबरच आहे. तिच्याकडे तिची भिशी असेल, भजन असेल, भाजीवालीशी अर्धा तास असेल. बाबा दिवसभर घरात आहेत म्हणून तिने ते कमी केलंय का, तेवढं बघा. मी असं बऱ्याच घरांत पाहिलंय की नवरा निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत बायकोचं बाहेर जाणं थांबतं, कारण ‘यांचा चहा’.

नातं आहे म्हणजे ते तब्येतीला बरंच, असंही नाही. ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर अगदी लहान जखमा केल्या आणि त्या भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. जी जोडपी एकमेकांना बोचकारत बोलत होती त्यांच्या जखमा इतरांच्या मानाने ६० टक्के वेगानेच भरल्या. हे २००५ मधलं. तेव्हा बाबांनी दिवसातले दोन तास घराबाहेर काढणं हे बाबांइतकंच आईसाठी औषध आहे. खेकसण्याच्या पुढे गोष्ट गेली असेल, हात उगारणं असेल, तर माझं आतापर्यंतचं सगळं बाजूला ठेवा. मग आधी आईच्या सुरक्षिततेचं बघायचं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी विचारून घ्या. एकटीला, बाबा आंघोळीला गेलेले असताना.

सुरुवात कशी करायची? आधी कानाची तपासणी, त्याच फेरीत डॉक्टरांना बाबांशी एकट्याशी बोलायला सांगा. दरम्यान बाबांना त्यांच्या फोनमधली ट्रेनची नावं कुठल्या नावाने सेव्ह केली आहेत ते विचारा. निव्वळ कुतूहलाने. मी पैज लावते, एक-दोन गमतीदार नावं निघतील आणि त्यावर ते पाच मिनिटं बोलतील. तिथेच थांबा. ‘मग भेटा ना त्यांना’ असं त्याच फोनवर म्हणू नका. आठवड्याने म्हणा. नाही म्हणाले तर महिन्याने म्हणा. काही जण त्या यादीतून गेलेलेही असतील, हे आधीच धरून ठेवा. ते कळल्यावर बाबा दोन दिवस आणखी गप्प होतील. होऊ द्यात. पस्तीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं सुतक धरायची संधी त्यांना मिळालेली नसेल.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुमचा मेल रात्री पावणेदोनला आलाय. त्यात ‘मी इथे मजेत आहे’ असं एक वाक्य आहे, त्याच्या मागेपुढे काहीच नाही. कधी गेलात बंगळुरूला, काम घरूनच करता का, शनिवारी कुठे जाता, यातलं काहीच नाही. मी वर जी परीक्षा सांगितली, ठरलेल्या जागी नाही गेलात तर किती जणांच्या लक्षात येईल, ती बाबांची घ्याल तेव्हा एक रकाना स्वतःसाठी आखून ठेवा. आकडा तीनच्या आत आला तर मला परत लिहा, बाबांचं काय झालं हे कळवायच्या निमित्ताने का होईना.